मुद्देमालाची पूजा

पोलीस ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजा असते. रायफली, लाठ्या, बेड्या, ठाण्याची जीप, अगदी वायरलेसचा संचसुद्धा पुसून-पासून मांडतात आणि हार घालतात. नोकरीत असे पुष्कळ दसरे झाले आणि बहुतेक सगळे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, मोहाडी तालुक्यातल्या एका ठाण्यातला दसरा तेवढा वेगळा उरला आहे. पूजा आम्ही आमच्या शस्त्रांची मांडली होती आणि झाली भलत्याच वस्तूची. या हकिगतीत मी कोणाचंही नाव देणार नाही. ज्यांनी गुन्हा केला त्यांची आणि ज्याच्यावर आळ आला त्याचीही मुलंबाळं त्याच भागात नांदत आहेत.

त्या वेळी मी त्या ठाण्याचा ठाणेदार होतो. दसऱ्याला आठवडा-दहा दिवस असताना तुमसरचा एक डीलर मोटरसायकलवर ठाण्यात आला. इंजिनं, पंप, धानाची यंत्रं विकणारा हा माणूस, बोलायला गोड. मागे बसवून त्याने एक शेतकरी आणला होता. तो आमचा फिर्यादी. त्याचं म्हणणं असं की, बँकेच्या कर्जातून घेतलेलं त्याचं हालर शेडमधून चोरीला गेलं. हालर म्हणजे धान भरडून तांदूळ काढायचं लहान यंत्र. डिझेल इंजिनावर चालतं आणि इंजिनासकट एका ट्रॉलीत मावतं. मी विचारलं, "संशय कोणावर?" फिर्यादी डीलरकडे बघायला लागला. डीलर म्हणाला, "संशय कायचा साहेब, माल कुठं हाये तेही सांगतो." आणि त्याने जवळच्याच एका गावातल्या तरुणाचं नाव घेतलं.

बिल, बँकेचं मंजुरीपत्र, मशीनचा नंबर, सगळे कागद पारदर्शक पिशवीत ओळीने लावलेले होते. माझा एक अनुभव सांगतो. ज्याचं खरोखर चोरीला जातं तो माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याच्या हातात निम्मे कागद नसतात आणि पायात कधी कधी चप्पलही नसते. पण अनुभव स्टेशन डायरीत लिहिता येत नाही. फिर्याद रीतसर होती, मी गुन्हा दाखल केला आणि दोन पंच घेऊन गावात गेलो.

मशीन खरोखरच तिथे होती. अंगणातल्या मांडवाखाली, कडुनिंबाच्या खांबाला जाड साखळीने बांधलेली, साखळीला कुलूप. चोर चोरीचा माल लपवतो. हा असा रस्त्यावरून दिसेल अशा जागी बांधून बसला होता. वय पंचविशीच्या आसपास, अंगावर कोंड्याची धूळ. घरात फक्त तो आणि त्याची विधवा आई. बाईने आयुष्यभर लोकांचं धान मुसळाने कांडून पोराला वाढवलेलं. तिच्या हाताचे तळवे मी पाहिले, लाकडासारखे झाले होते.

नंबरची पट्टी फिर्यादीच्या बिलाशी जुळली. पंचनामा सुरू केला तसा तो तरुण इंजिनाला मिठी मारून उभा राहिला.

"साहेब, मले न्या. पण माह्या मशीनले हात नका लावू. एकडाव गेली का ते वापस येत नाही."

"तुझी मशीन? मग नंबर दुसऱ्याच्या बिलाचा कसा?"

"ते मले नाही मालूम जी. बँकेचा साहेब अठीच येऊन पाहून गेला. माहीच हाये."

त्याला अटक केली. मशीन जप्त करून ठाण्याच्या आवारात, चिंचेखाली ठेवली. ट्रॉलीच्या मागोमाग त्याची आई चालत आली आणि ठाण्याच्या कुंपणाबाहेर बसली. ती पुढे रोज तिथेच दिसायची.

आरोपीची चौकशी मी स्वतः केली. माझा हवालदार जुन्या वळणाचा, मनाने वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. "साहेब, दोन द्या, बोलल," असं तो दर तासाने सुचवायचा. मी त्याला बाहेर बसवलं. मार खाल्ला की माणूस आपल्याला हवं ते बोलतो, आणि मला काय हवं आहे हेच अजून मला माहीत नव्हतं.

मी त्या पोराला विचारलं, "एवढ्या भानगडीचं कर्ज काढायला तुला सांगितलं कोणी? दुसरा मार्ग नव्हता?"

तो प्रथमच मान वर करून बोलला. "फिरलो ना जी सगळीकडं. तुमसरच्या मिलवाल्या शेठकडं गेलो. तो म्हणे पैसा आत्ता देतो, पण भरडलेला तांदूळ मलेच द्याचा, अन् भाव मी सांगीन तो. मंग मी कायचा मालक जी, त्याचा नौकरच ना. भिशीवाले म्हणत, पहिले हप्ते भर, नंबर लागल तवा उचल. हप्ते भराले पैसा असता तं भिशीत कायले गेलो असतो? सोसायटी सातबारा मांगे, तो काकाच्या नावानं. मामा म्हणे देतो, पण मंग पोरगी माहीच करा लागल." इथे तो जरासा हसला. "आखरीले बँक. सरकारची सबसिडी, बाकी हप्त्यानं फेडा. तठी हा डीलर सोताच भेटला. म्हणे फारम मीच भरून देतो, तू निस्ती सही कर."

"पुढे?"

"मशीन आली. मायनं ओवाळली. बँकेचा साहेब पाहून गेला. मी चालू केलो जी, गावाचं धान भरडलो. तं एक दिवस डीलरची ट्रॉली आली, म्हणे मशीन दुरुस्तीले न्याची हाये. चालू मशीन दुरुस्तीले कायले जाईल, साहेब? म्हणून साखळी लावलो."

मला त्याचं म्हणणं पटलं. अडचण अशी की ते माझ्याशिवाय कोणालाच पटण्यासारखं नव्हतं. बँकेत गेलो. मॅनेजरने सांगितलं, दोघांनाही कर्ज मंजूर आहे, दोघांच्या दोन वेगळ्या मशीन आहेत, आमच्या तपासणी अधिकाऱ्याने दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, मगच डीलरला रक्कम दिली. तपासणी अधिकारी म्हणाला, "हो, पाहिल्या." त्याच्या जबाबात कुठेही अडखळणं नव्हतं. मग उरला तर्क एवढाच की, या पोराने स्वतःची मशीन गुपचूप विकली आणि दुसऱ्याची चोरून आणली. डीलरने दोन साक्षीदारही हजर केले, दोघे वेगवेगळ्या गावचे. ही मशीन फिर्यादीच्या शेडमध्ये पाहिली होती, असं दोघांनी सांगितलं. शब्दसुद्धा तेच, क्रमसुद्धा तोच.

एक गोष्ट मला खटकत होती. नंबरच्या पट्टीचे दोन स्क्रू चकचकीत होते आणि यंत्राचे बाकी सगळे स्क्रू तेलकट, काळे. पण स्क्रू नवे आहेत एवढ्यावर कोणी सुटत नाही. डीलर म्हणाला, पट्टी सैल झाली होती म्हणून माझ्या फिटरने स्क्रू बदलले. झालं, खटकणं संपलं.

भंडाऱ्याहून वरिष्ठांचा फोन आला. "मुद्देमाल मिळाला, आरोपी मिळाला, साक्षीदार मिळाले. आता कशाची वाट बघताय? दोषारोपपत्र पाठवा." रिमांड संपत होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी सकाळी मी त्याला कोर्टात उभा करणार, तिथून तो भंडाऱ्याच्या जेलमध्ये जाणार, आणि मशीन फिर्यादीच्या नावाने डीलरच्या ताब्यात परत. एकदा ट्रॉलीत चढली की खरं शोधायला काही उरणार नव्हतं. आरोपीने जेवण सोडलं होतं. आईने आणलेली भाजी-भाकरी कोठडीच्या गजाशी तशीच पडून राहायची. मी त्याच्यावर ओरडलो, "खाऊन घे, उपास करून कोणी निर्दोष ठरत नाही!" ओरडल्यावर मला स्वतःचाच राग आला, कारण त्याला खायला घालण्यापलीकडे मला काहीच करता येत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी शिपाई रायफली पुसत होते. ती बाई कुंपणापाशी उठून उभी राहिली. हातात पितळेची थाळी, थाळीत हळद-कुंकू, झेंडूची चार फुलं, नारळ.

"साहेब, आज मशीनची पूजा करू द्या."

"बाई, तो मुद्देमाल आहे. हात लावता येत नाही."

"चोरीची असन तं चोरीची म्हणा जी. पण आजच्या दिवशी तिले हळद-कुंकू लागलंच पाह्यजे. तुमच्या बंदुकीले लावता, माह्या मशीननं का केलं?"

 हवालदाराला शेजारी उभा केला आणि म्हटलं, करा. तिने मशीनला नमस्कार केला, कुंकू लावलं आणि इंजिनाच्या बुडाशी हात घालून काहीतरी चाचपलं. "हाये," ती पुटपुटली. मी वाकून पाहिलं. यंत्राच्या पायाला काळे दोरे बांधलेले होते आणि प्रत्येकात एक बिब्बा ओवलेला. नवी वस्तू घरात आली की नजर लागू नये म्हणून आपल्याकडे बायका बांधतात तसा. दोरे एकाहून जास्त होते. मला त्यात विशेष वाटलं नाही. गरीब घरात एवढी मोठी वस्तू आली, बाईने दोन-चार बांधले असतील.

थोड्या वेळाने फिर्यादीची बायको आली, तिच्याही हातात थाळी. तिला कोण नाही म्हणणार, कागदोपत्री मशीन तिच्याच घरची. म्हातारीने तिच्याकडे पाठ फिरवली. फिर्यादीच्या बायकोने पूजा केली, आणि तीसुद्धा खाली हात घालून दोरा चाचपून पाहू लागली. "हा माहा," ती म्हणाली. तेही समजण्यासारखं होतं. मशीन आधी तिच्याकडे होती, मग आरोपीकडे गेली.

मी चहा घ्यायला आत वळलो होतो, तोच हवालदाराचा आवाज आला. "तू कोणाची वो बाई?"

फाटकातून तिसरी बाई आत येत होती. नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर, हातात थाळी.

"मशीनवाल्याची जी."

"कोणत्या मशीनवाल्याची?"

"हे काय, चिंचेखालची. आमचीच हाये ना. दुरुस्तीले गेली म्हणत होते घरचे. बाजारात समजलं का ठाण्यात हाये."

तिने नवऱ्याचं नाव घेतलं नाही, बायका घेत नसत. गावाचं नाव सांगितलं. ते तुमसरकडचं गाव होतं आणि डीलरने आणलेला एक साक्षीदार त्याच गावचा होता. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ गालातल्या गालात हसणारा तो माणूस आता हसत नव्हता. मी त्याला नजरेनेच गप्प राहायला सांगितलं.  एक शब्द चुकीचा गेला असता तर बाई घाबरून परत गेली असती.

"करा ना पूजा, बाई," मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं. "तुमच्याकडे कधी आली होती मशीन?"

"आखाडात जी. बँकेचा साहेब पाहून गेला. डीलर म्हणे आत्ता चालू नका करू, ग्यारंटी जाते. मंग बिघडली म्हणून घेऊन गेले. न चालवता कशी बिघडली बापा, मले तं समजलंच नाही." तिने वाकून दोरा शोधला. "हा पाहा, माह्या हातची गाठ."

बाराच्या सुमारास एसटीतून चौथी उतरली. ही अड्याळकडची. बाजारातली बातमी तिच्यापर्यंतही पोचली होती; दोन गाड्या बदलून आली होती, सोबत सासू. हिच्या नवऱ्याचं तर आमच्या तपासात कुठे नावही नव्हतं. मशीन हिच्याकडे मिरगात होती, पेरणीच्या आधी. बँकेचा साहेब पाहून गेला, मग बिघडली, मग गेली. सासूने दोरा ओळखला.

आता चार थाळ्या मशीनपुढे होत्या आणि चौघी बायका एकमेकींकडे बघत होत्या. सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. मी खाली बसून दोरे मोजले. चौघींनी आपापला दाखवला, तरी एक उरत होता, सगळ्यांत विटका. म्हणजे अजून एक घर होतं. बाहेरचा रंग फिटरने दर वेळी ओल्या फडक्याने पुसून नवा केला होता, नंबरच्या पट्ट्या बदलल्या होत्या. पण कुठल्या तरी बाईने नजर लागू नये म्हणून बांधलेला दोरा तोडायला त्याचा हात धजावला नव्हता. तोही याच मातीतला ना!

मी पंच बोलावले, बायकांचे जबाब घ्यायला सुरुवात केली आणि शिपायाला सांगितलं, फाटक उघडंच ठेव. डीलर दर दसऱ्याला ठाण्यात सोनं वाटायला यायचा, हे मला माहीत होतं. तिसऱ्या प्रहरी आला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, एका हातात आपट्याची पानं, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. "साहेब, सोनं घ्या..." एवढं म्हणेपर्यंत त्याची नजर चिंचेखाली गेली. पाय तिथेच थांबले.

मी त्याला खुर्ची दिली. पेढे टेबलावरच राहिले.

"तुम्ही या स्कीममध्ये एकंदर किती हालर विकले?" मी विचारलं.

"पाच-सहा असतील, साहेब."

"मला जास्त नको. चिंचेखालचं सोडून दुसरं एक दाखवा. फक्त एक. जीप तयार आहे, आत्ता निघू."

तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "आज सणाचा दिवस, साहेब. अन् या बायका अडाणी. कोणाचं हालर, कोणाचं इंजिन, त्याहिले का समजते?"

"म्हणूनच तुम्हाला विचारतो. कुठे जायचं, सांगा."

त्याने रुमालाने मान पुसली. मग म्हणाला, "अड्याळकडं हाये एक. चालू हालतीत."

दारात उभी असलेली अड्याळकडची सासू तिथूनच बोलली. "आमच्या घरी तं निस्ता ओटा राह्यला, बापा. त्याच्यावर आता कोंबड्या बसतेत."

त्यानंतर त्याने जीपचं नाव काढलं नाही. संध्याकाळपर्यंत फिटरला तुमसरहून आणलं. त्याने पहिल्याच प्रश्नाला सगळं ओकून टाकलं. एकच हालर, एकच इंजिन. कर्ज मंजूर झालं की मशीन त्या घरी न्यायची, पट्टी बदलायची, बँकेच्या माणसाने पाहिली की रक्कम डीलरच्या खात्यात, आणि पंधरवड्याने मशीन पुढच्या घरी. कर्जदाराच्या हातावर थोडे पैसे ठेवायचे आणि सांगायचं, सबसिडी मिळाली, बाकी कर्ज सरकार माफ करेल, तू गप्प राहा. चौघे गप्प राहिले. हा एक पोरगा पैसे घेईना, त्याला मशीनच पाहिजे होती. पुढच्या गावी तपासणी ठरलेली आणि मशीन साखळीत अडकलेली, म्हणून मग फिटरने तेलपाण्याच्या निमित्ताने जाऊन तिच्यावर फिर्यादीची पट्टी परत चढवली आणि चोरीची फिर्याद दिली. बँकेच्या तपासणी अधिकाऱ्याचाही यात वाटा निघाला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्या तरुणाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला आणि तो सुटला. पण त्याच्याही आधी, दसऱ्याच्या संध्याकाळीच, खोटी फिर्याद दिली म्हणून मी फिर्यादीला ताब्यात घेतलं होतं. कोठडी आमच्याकडे एकच. पोराला बाहेर काढून माझ्या खोलीतल्या बाकावर बसवलं आणि त्याच दारातून फिर्यादी आत गेला. दोघांचे खांदे घासले, कोणी कोणाकडे पाहिलं नाही. फिर्यादीची बायको रिकामी थाळी घेऊन तिथेच उभी होती. मशीन चोरीला गेली नाही, डीलरच दुरुस्तीला म्हणून घेऊन गेला, असं तिने सांगितलं होतं आणि तिच्याच जबाबावर तिचा नवरा आत गेला होता.

ती मला म्हणाली, "साहेब, पूजा कराले आलो, हेच चुकलं का जी?"

मी म्हटलं, "नाही बाई, तुमचं काही चुकलं नाही." ते खरंही होतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, कोठडीकडे बघत होती. नोकरीत अनेक गुन्हे उघडकीस आणले, पाठीवर थापा पडल्या. त्या संध्याकाळी मात्र मला थाप नको होती.

खटला रेंगाळत चालला. डीलर, फिटर आणि तपासणी अधिकाऱ्याला शिक्षा झाली. फिर्यादी दंडावर सुटला, बाकीचे कर्जदार साक्षीदार झाले. पाचवा दोरा कोणाचा तेही तपासात निघालं. मशीन कोर्टाच्या हुकमाने त्या तरुणाच्या सुपूर्द झाली, चालवण्याच्या परवानगीसह, आणि कर्जही त्याच्याच नावे राहिलं. ते त्याने फेडलं, हे मला त्याच मॅनेजरने नंतर सांगितलं.

लोक मला विचारतात, या केसमधून काय शिकलात? छोट्या माणसाला धंद्यासाठी पैसा देणारे तेव्हाही पुष्कळ होते, आज त्याहून जास्त आहेत. शेठ तांदळावर डोळा ठेवून देतो, भिशी हप्त्यावर, बँक कागदावर. पण पैशातून आलेली मशीन चालते का, घरातल्या बाईच्या हातचं मुसळ सुटलं का, हे बघायला कोणी जात नाही. मॅनेजरने महिन्याभराने एकदा जरी स्वतः जाऊन ओंजळभर धान पुढे करून म्हटलं असतं, भरडून दाखव, तर पहिल्याच घरी बिंग फुटलं असतं. तेव्हापासून कुठल्याही तपासात मी घरातल्या बाईशी बोलल्याशिवाय जबाब पुरा मानला नाही.

पुढच्या दसऱ्याला बंदोबस्ताच्या फेरीत त्याच्या गावावरून जीप जात होती. मी थांबायला सांगितलं. मशीन झेंडूच्या माळांत बसली होती, त्या दिवशी बंद. मांडवाखाली म्हातारी होती आणि तिच्या शेजारी थाळी घेऊन फिर्यादीची बायको. मी चकित होऊन म्हातारीकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न तिला कळला असावा.

"मीच बोलावलो जी तिले," ती म्हणाली. "तिचाबी दोरा हाये ना मशीनले. तोडू कशी?"